राखाडी गाडीच्या मागच्या सीटमध्ये मिळालेल्या वस्तूंबाबत

मी, खाली सही करणारी, वय ६१ वर्षे, धंदा गाड्यांच्या सीटा व आतलं कापड शिवणे, राहणार जुन्या गाड्यांच्या बाजारामागे, पत्र्याच्या शेडला लागून असलेल्या दोन खोल्या, आज शुक्रवार दिनांक १४ रोजी सकाळी अकरा वाजता पोलीस ठाण्यात हजर राहून, साहेबांनी विचारल्यावरून खरं ते सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझा मुलगा व माझी सून असे तिघं राहतो. पती सहा वर्षांपूर्वी वारले. मुलगा मालवाहू बोटीवर वेल्डर आहे, वर्षातले आठ महिने बाहेर असतो, सध्याही बाहेरच आहे. सीटांचं काम मी पतीच्या हाताखाली शिकले. त्याला चौतीस वर्षं झाली. माझ्या हातची सीट दहा वर्षं उसवत नाही, हे बाजारात कुणालाही विचारावं.

मुलाने चार वर्षांपूर्वी स्वतःच्या पसंतीने लग्न केलं. मला ते पटलं नव्हतं. पहिले दोन महिने मी सुनेशी कामापुरतंच बोलले. हे लिहायची गरज नाही, असं साहेब म्हणाले. मी म्हटलं, लिहा. ती शेडमध्ये आली ती आपणहून. आल्या दिवशी तिने माझ्या मशीनला तेल घातलं आणि सुई बदलली. सुई बोथट झाल्याचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. तेव्हापासून ती माझ्याबरोबर काम करते.

जुन्या गाडीची सीट उघडली की काही ना काही सापडतंच. पेनं, क्लिपा, एका कानातलं. आम्हाला आजवर दातांची कवळी, बासरी, पत्ता लिहून पोस्टात न टाकलेलं पाकीट, वडिलांच्या जागी मुलाने स्वतः सही केलेलं प्रगतिपुस्तक आणि एकदा जिवंत कासव सापडलेलं आहे. मी या वस्तू खोक्यात टाकत असे व खोकं भरलं की फेकून देत असे. सुनेने काचेच्या बरण्या आणल्या. प्रत्येक वस्तू बरणीत, बरणीवर गाडीच्या नंबराची चिठ्ठी. दुपारी जेवण झालं की ती गाडीच्या जुन्या मालकांना फोन लावत बसते. कवळीचे आजोबा स्वतः आले, शेडमधल्या नळावर कवळी धुऊन त्यांनी तोंडात बसवली आणि मग तासभर बोलतच राहिले. कासव न्यायला कुणी आलं नाही. ते आमच्याकडेच आहे.

दिनांक ४, मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास जुन्या गाड्यांचा व्यापार करणारे शेठ यांनी एक राखाडी रंगाची, अकरा वर्षं जुनी गाडी आमच्याकडे पाठवली. मागची सीट डावीकडे फाटली होती, पूर्ण कव्हर बदलायचं होतं. मी पुढे बसून छताचं कापड मोजत होते. सून मागे कव्हर उतरवत होती. उतरवलेली कव्हरं तिने नेहमीप्रमाणे गोणीत भरली. जुन्या कव्हरांवरून आम्ही नवीन माप कापतो, म्हणून ती आम्ही लगेच टाकत नाही.

त्यानंतर ती म्हणाली, "आई, जरा इकडे या. हात लावू नका, नुसतं बघा."

सीटच्या फोममध्ये एक चौकोनी खण कापलेला होता. पट्टी ठेवून कापावा तसा सरळ. आत सात चमचे, एक चष्मा, टीव्हीचा रिमोट, दोन किल्ल्या, पांढरे केस अडकलेला कंगवा आणि रुमालाची गाठोडी होती. गाठोडीत सोन्याच्या तीन बांगड्या होत्या. गाठ सुनेने सोडली, मी शेजारी उभी होते. तीनच होत्या.

सुनेने शेठना बोलावलं. शेठनी बांगड्या बघितल्या आणि शेडचं दार लोटून घेतलं. ते म्हणाले, "मावशी, गाडी मी आहे तशी घेतलीय. आतलं सगळं गाडीबरोबर आलं. बांगड्या तीन, आपण तिघं. कुणाला काय कळणार आहे?"

मी काही बोलायच्या आत सून म्हणाली, "शेठ, कंगव्यात केस आहेत अजून. कुणाच्या तरी आईचे आहेत ते."

दार पुन्हा उघडलं ते शेठनीच. हे मी त्यांच्या बाजूने सांगते.

सुनेने गाडीच्या कागदांवरून फोन लावला. त्याच दिवशी दुपारी चार वाजता गाडीच्या आधीच्या मालकीणबाई आल्या. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत, म्हणून पुढे त्यांना मॅडम म्हटलं आहे. गाडी त्यांच्या आईंच्या घरची होती. आई गेल्या वर्षी वारल्या. शेवटची चार वर्षं त्यांना विस्मरणाचा आजार होता. त्या घरातल्या वस्तू उचलून लपवत आणि मग चोर आले म्हणून सांगत. मॅडमनी चमचे बघितले, रिमोट बघितला. कंगवा हातात घेतल्यावर त्या आमच्या स्टुलावर बसल्या. त्यावर चिकटवायचा डिंक सांडलेला होता, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

मग त्यांनी रुमाल उघडला आणि म्हणाल्या, "चार होत्या."

सून म्हणाली, "आम्हाला तीन मिळाल्या, मॅडम."

"चारचा जोड होता. आई एक वेगळी ठेवणार नाही." त्या सुनेकडे बघत होत्या. "गाठ कुणी सोडली?"

"मी सोडली."

मॅडम वस्तू घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, त्यांनी या ठाण्यात सुनेविरुद्ध तक्रार दिली. तीन वर्षांपूर्वी याच बांगड्यांवरून त्यांनी आईंना सांभाळणाऱ्या बाईंवर तक्रार दिली होती आणि त्यांना कामावरून काढलं होतं, हे मला इथेच समजलं.

गुरुवारी सुनेला ठाण्यात बोलावलं. ती बाहेरच्या बाकावर अडीच तास बसून होती. मी तिच्या शेजारी बसले होते. ती रडली का, असं साहेबांनी आत्ता विचारलं. नाही. तिने बाकाच्या फाटक्या रेक्झिनकडे बोट दाखवून मला विचारलं, "आई, याला आपलं काळं कापड चालेल ना?"

शुक्रवारी सकाळी शेठ शेडवर आले. म्हणाले, "मावशी, गिऱ्हाईकं विचारायला लागलीत. चौकशी संपेपर्यंत वहिनींना बाजारात आणू नका. तुम्ही एकट्या करा काम."

मी त्यांना सांगितलं, "एकटीचं काम बंद आहे. दोघींचं हवं असेल तेव्हा सांगा." आणि शेडला कुलूप घातलं. त्या दिवशी शेडमध्ये तीन गाड्या उघड्या पडल्या होत्या. चौतीस वर्षांत मी काम अर्धवट टाकून कुलूप घातलं ते त्या एकाच दिवशी. पती वारले तेव्हाही हातातली सीट पुरी करून दिली होती.

तीन दिवस आम्ही घरीच होतो. सोमवारी, दिनांक १० रोजी, दुपारी जेवताना सुनेने हातातला घास खाली ठेवला. ती म्हणाली, "आई, मधल्या टेकूची शिवण मशीनची नव्हती."

मागच्या सीटच्या मधोमध हात टेकायला एक लहान गादी असते, ती उघडते-मिटते. तिला टेकू म्हणतात. तिच्या कव्हराला आतून पातळ फोम चिकटवलेला असतो. सुनेचं म्हणणं असं की, ते कव्हर उतरवताना त्याच्या एका कडेला तिला हाताचे टाके दिसले होते, अगदी दाट, शर्टाच्या काजाला घालतात तसे. पूर्वी कुणीतरी दुरुस्ती केली असेल म्हणून तिने तेव्हा विचार केला नाही. "पण आई," ती म्हणाली, "गाड्यांचा कुठला कारागीर काजाचा टाका घालतो? आपण तरी घालतो का?"

आम्ही घालत नाही. कुणीच घालत नाही. त्याला फार वेळ लागतो.

कव्हर गोणीत होतं आणि गोणी कुलपाच्या आत, किल्ली माझ्या कमरेला. मी उठले. सुनेने माझा हात धरला. ती म्हणाली, "आपण नाही उघडायची. आपण उघडली तर बांगडी आपणच आत ठेवली म्हणतील. साहेबांसमोर उघडू. मॅडमही हव्यात."

हे मला सुचलं नसतं. मी सरळ जाऊन गोणी फाडली असती.

त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता हवालदार बाई, दोन पंच, मॅडम, शेठ व आम्ही दोघी शेडवर जमलो. कुलूप हवालदार बाईंनी काढलं. गोणीही त्यांनीच रिकामी केली. टेकूचं कव्हर वर आलं तेव्हा सुनेने ते लांबूनच ओळखलं. तिने मॅडमना विचारलं, "तुमच्या आई शिवायच्या का?"

मॅडम म्हणाल्या, "शर्टांच्या कारखान्यात होती. सव्वीस वर्षं. काजं करायची."

माझी उसवायची सुरी मी हवालदार बाईंना दिली. त्यांना जमेना. मग त्यांच्या आणि पंचांच्या सांगण्यावरून सुनेने शिवण उसवली, सगळ्यांना दिसेल अशी, हात कोपरापर्यंत उघडे ठेवून. कापड आणि फोमच्या मध्ये चौथी बांगडी होती. ती हलू नये म्हणून तिच्याभोवती गोल टाके घातले होते. मी आयुष्यभर शिवण बघत आले. जिला स्वतःच्या मुलीचं नाव आठवत नव्हतं, त्या बाईच्या हाताचे ते टाके होते आणि त्यांत एकही टाका लहान-मोठा नव्हता. हे मी कारागीर म्हणून सांगते.

मॅडमनी टाक्यांवरून बोट फिरवलं. त्या सुनेला म्हणाल्या, "मी तुमच्याबद्दल..." सुनेने त्यांना पाणी दिलं. बसायला मात्र या वेळी मी चांगला स्टूल पुसून दिला.

पंचनामा झाला. हवालदार बाई म्हणाल्या की तक्रार आता राहत नाही, तुम्ही मोकळ्या झालात. सून म्हणाली, "मी झाले. त्या दुसऱ्या बाईंचं काय?"

मॅडमना त्यांचा पत्ता माहीत नव्हता. सून म्हणाली, "जुन्या तक्रारीत असेल. तक्रार देताना पत्ता लिहितात."

पत्ता निघाला. बुधवारी, दिनांक १२ रोजी, दुपारी दोन वाजता हवालदार बाई, मॅडम व आम्ही दोघी तिथे गेलो. आईंना सांभाळणाऱ्या त्या बाई आता एका इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी घड्या घालण्याचं काम करतात. कुणाच्या घरी त्यांना पुन्हा काम मिळालं नाही. वय पन्नासच्या आसपास. हवालदार बाईंचा गणवेश बघून त्यांनी हातातली चादर घडी न घालताच खाली ठेवली आणि दोन्ही हात समोर धरून उभ्या राहिल्या.

मॅडमनी त्यांना सगळं सांगितलं. मशीनचा आवाज होता, म्हणून मोठ्याने सांगावं लागलं. बाकीच्या कामकरी बायकांनीही ऐकलं. ते बरं झालं.

त्या बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी गेल्यावर त्या कुणाच्या हातून जेवायच्या?"

मॅडम म्हणाल्या, "कुणाच्याच नाही नीट."

"मऊ करून द्यायचं असतं. आणि आधी आपण एक घास खाऊन दाखवायचा." मग म्हणाल्या, "तोंडी माफी नको मला. माझं नाव जिथे लिहिलंय, तिथे जाऊन लिहा."

सून म्हणाली, "मॅडम लिहितील. मी बरोबर येते." मॅडमनी मान हलवली. त्याप्रमाणे काल गुरुवारी मॅडमनी या ठाण्यात तीन वर्षांपूर्वीची तक्रार चुकीची असल्याचं लिहून दिलं आहे. त्याची एक प्रत त्या बाईंनी मागितली होती. ती सून आज सकाळी धुलाईघरात देऊन आली. परत आल्यावर काय झालं असं मी विचारलं, तर म्हणाली, "काही नाही. त्यांनी वाचली, घडी घातली आणि सगळ्या बायकांना चहा सांगितला."

माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. शेठ काल शेडवर येऊन उभे राहिले आणि दोघींचं काम हवंय असं म्हणाले. मी त्यांना सुनेला विचारायला सांगितलं. तिने सोमवारपासून या असं सांगितलं आहे. मुलाला बोटीवर फोन लावून मीच सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "आई, तू तिला काय म्हणालीस?" मी म्हटलं, तुझी निवड बरोबर होती, हे मी चार वर्षं उशिरा सांगते आहे.

साहेबांनी हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. त्यात एका जागी 'मी शिवण ओळखली' असं लिहिलं गेलं होतं. ते मी खोडायला लावलं व पुढे सही केली. चौतीस वर्षं काम करून ती शिवण मला दिसली नाही. ती माझ्या सुनेने ओळखली. बाकी सगळं माझ्या सांगण्याबरहुकूम आहे.