वारा पाठीशी

(सकाळ. वाहतुकीला बंद केलेला हमरस्ता. रिकामा टँकर आडवा पाडून ठेवलेला, भोवती बचाव पथकाच्या सरावासाठी सोडलेला पांढरा धूर. बोलणं वायरलेसवर.)

बाबा : ...आणि मी मेलेलो नाहीये, नुसता बेशुद्ध आहे. एवढं लक्षात ठेव.

लेक : बेशुद्ध माणूस इतकं बोलत नाही, बाबा.

बाबा : मला जखमी म्हणून झोपवलंय, मुका म्हणून नाही. काय सुरेख धूर आहे गं! ढगात पडल्यासारखं वाटतंय. जन्मभर टँकर हाकला, पण रस्त्याला पाठ टेकायचं सुख आजच कळलं.

उस्ताद : काका, गप्पा पुरे. आणि तू ऐक. मागच्या दोन्ही सरावांत माणूस दिसला की धावत सुटलीस. मास्क नाही, वारा कुठून येतोय ते पाहणं नाही. खरा गॅस असता तर एकाऐवजी दोघांना उचलावं लागलं असतं. आज धावलीस तर पथकातून नाव गेलं. मग आहेच फोनचं टेबल.

लेक : कळलं, उस्ताद.

बाबा : लहानपणापासून अशीच आहे ती. माझा टँकर दिसला की अनवाणी धावायची. हिची आई दंड धरून ठेवायची. म्हणायची, आधी बाबांना हातपाय धुऊ दे, अंगावर काय सांडलंय कुणास ठाऊक.

लेक : दंड दुखायचा माझा.

बाबा : आता धरायला ती नाही... हं... किती गार वाटतंय इथे...

लेक : बाबा? बाबा, बोला ना. उस्ताद, बाबा गप्प झालेत.

उस्ताद : बेशुद्ध आहेत.

लेक : खरंच, की सरावापुरते?

उस्ताद : गॅस खरा समजायचा, तर माणूसही खराच.

लेक : अहो, त्यांना साखरेचा त्रास आहे!

उस्ताद : मग? काय करतेस?

लेक : ...थांबते. गवताचे तुरे माझ्याकडे झुकलेत. म्हणजे वारा टँकरकडून माझ्याकडे येतोय. मी चुकीच्या बाजूला उभी आहे.

उस्ताद : पुढे.

लेक : शेतातून वळसा घेतला. दुर्बिणीतून पाटी दिसली, अ‍ॅसिड आहे. सूट चढवला. मास्क लावला. जोडीदार सोबत आहे. वारा पाठीशी. निघू?

उस्ताद : नीघ.

लेक : पाय धावायला बघतायत, उस्ताद. पण चालतेय. चालतच येतेय... बाबा! डोळे उघडा. बाबा... अगंबाई, हे घोरतायत?

उस्ताद : मघापासून. मी त्यांच्या उशाशीच उभा आहे. नाडीसुद्धा पाहिली.

लेक : आणि मला सांगितलं नाहीत!

उस्ताद : सांगितलं असतं तर सराव कसला? झालीस पास.

बाबा : अं? आलीस होय. चांगलं स्वप्न मोडलंस बघ. तुझी आई आली होती. इथेच, धुरात, माझ्या शेजारी बसली होती.

लेक : काय म्हणाली?

बाबा : मीच म्हटलं, अगं, पोरगी येतेय, धर तिला.

लेक : मग?

बाबा : हात मांडीवरून उचललेच नाहीत तिने. म्हणाली, चालत येतेय की.