सुरकुत्या काढलेली आई

— मूर्ती आईसारखी दिसत न्हाय म्हणताय? व्हय, न्हायच दिसत. मी कुठं दिसती म्हटलं? बसा की पावणं, गारगोटीहून आलाय, पाणी तरी घ्या. आता ह्यो मोबाइल बघा — तुमचंच मेसेज हाईत. 'कपाळावरच्या आठ्या कमी करा.' केल्या. 'रंग जरा उजळ पायजे.' केला. सुती लुगडं नको, पैठणी घाला — घातली. हातात खुरपं नको, पुस्तक द्या — दिलं. आईस्नी सही तरी येत हुती का? न्हाय? मग उलटं धराय लावलं असतं तरी चाललं असतं की. आणि आता घरातली पोरं इचारत्यात, ही बाई कोण म्हणून. मी काय सांगू? जशी मागितलीसा तशी दिली.

न्हाय, आता दुरुस्त हुत न्हाय. आमच्या वडलांचा शाडूचा गणपती पाण्यात सोडला की परत माती. ही पॉलिमर क्ले — कच्ची हाय तवर महिनाभर चेहरा बदला, पण एकदा अर्धा तास ओव्हनमधी भाजली की संपलं. म्हणून तर पहिली भाजलेली बाजूला ठिवून ही दुसरी नव्यानं केली — पहिली? ती मोडली. हातातनं पडली. तिकडं काय बघताय, रंगाचं डबं हाईत. पडदा सरकवू नका.

बरं, न्हाय मोडली. तुमच्या फोटोत हाय तशीच केलेली — आठ्या, पडलेला दात, पदराला शेणाचा डाग. नुसत्या सुरकुत्या सुईनं वढायला चार दिस गेलं. ती चिठ्ठी वाचू नका. वाचलीसा? 'माझी आई — आकाराम कुंभार.' प्रदर्शनात ठिवलेली, पहिला नंबर आला. परीक्षक बाई डोळं पुसत म्हणाल्या, आईवर किती जीव हाय तुमचा. मी व्हय म्हटलं. काय करणार, चारचौघांत खोटं कसं पाडायचं त्यास्नी?

माझी? हाय की जित्ती. मुरगूडला, थोरल्या भावाकडं. मग तिचीच का न्हाय केली — काय बी इचारता. भर पंगतीत म्हणाली, बाप देव घडवायचा आणि ह्यो भावल्या करतोय. ताटावरनं उठून आलो. सहा वर्सं झाली. माझ्याकडं तिचा फोटो हाय, पण त्यात केस काळं हाईत. आता किती पिकलं, दात किती राह्यलं, सुरकुती कुठनं सुरू हुती, मला काय ठाव? तुमच्या आईकडं बघून म्हटलं, अशीच झाली आसंल. सकाळी आधी हिला बघतो, मग चा घेतो. हसू नका.

रडू बी नका. घ्या, कापडात गुंडाळून देतो. चिठ्ठी तेवढी इकडं द्या. पैठणीवाली राहू दे हितंच, कुणाची तरी आई म्हणून जाईल खपून.

काय म्हणालासा? वाटंतच लागतंय, गाडीत जागा हाय? मला रस्ता सांगू नका पावणं. मुदाळ तिट्ट्यावर वळलं की आलंच मुरगूड, मला ठाव हाय. सहा वर्सं ठाव हाय. मला कामं हाईत. जावा तुम्ही. दार ओढून घ्या.