पाच पानांवर एकच चेहरा

आई : नाव माझ्या लेकीचं, वय तिचं, आणि फोटो भलत्याच पोरीचा. ही वेबसाइट तुम्हीच बनवलीत ना?

प्रोग्रामर : हरवलेल्या माणसांची सगळी पानं माझीच, काकू. बसा ना.

आई : बसायला नाही आले. सोमवारी दवाखान्यातून फोन आला, तुमच्या पानावरची मुलगी इथे आहे, बोलत नाही, ओळखायला या. धावत गेले. तर वॉर्डाबाहेर आणखी तीन बायका. चौघींना तोच फोन.

प्रोग्रामर : पाच पानांवर तोच फोटो होता. पाचवीचा नंबर बंद आहे.

आई : ती पाचवी तिची खरी आई. आम्हाला एकेकीला आत सोडलं. दार वाजलं की पोर मान वर करायची, बघायची, पुन्हा खाली घालायची. चार वेळा.

प्रोग्रामर : चूक माझी आहे. पाठवलेल्या फाइलला जे नाव असेल, त्याच नावानं मी ती सर्व्हरवर ठेवत गेलो. पोलीस चौकीसमोरचा स्कॅनवाला प्रत्येक फाइलला नुसतं ‘फोटो’ म्हणतो. नवी आली की जुनी पुसून तिच्या जागी बसायची.

आई : एका पोरीवर दुसरी.

प्रोग्रामर : आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी बजावलं होतं, बाहेरून आलेलं नाव जसंच्या तसं घेऊ नको, प्रत्येक फाइलला आपलं वेगळं नाव दे. मी म्हटलं, करू नंतर. आता केलंय.

आई : उपकार झाले. माझ्या पोरीचा फोटो काढून दे.

प्रोग्रामर : गेला तो. दुसरी प्रत ठेवतच नव्हतो. तुमच्याकडचा कागदी?

आई : एकच होता, चौकीत दिला. तिथे म्हणतात गहाळ झाला, आणि वर मलाच सांगतात, वेबसाइटवर आहे की.

प्रोग्रामर : मग मी चित्रकाराला बोलावतो. तुम्ही फक्त सांगायचं. कपाळ, नाक, डोळे.

आई : तीन महिन्यांपूर्वी मी इथे फोन केला होता, ही माझी नाही म्हणून. काय म्हणालास आठवतं?

प्रोग्रामर : म्हणालो, सिस्टिम चुकत नाही. रडून नजर अंधूक झाली असेल.

आई : शिकलेला माणूस सांगतोय, म्हटलं खरंच असेल. रोज पान उघडायचे आणि स्वतःला समजवायचे, हीच आपली, नीट बघ. बघून बघून आता डोळे मिटले तरी तीच दिसते. काय सांगू तुझ्या चित्रकाराला?