फोटोचं पॅकिंग

— नाही नाही, पंपाला कशाला नावं ठेवतोस? वॉटर पंप चांगलाच आहे, तो बिचारा काय करणार — बसवणारे हात कसले आहेत ते बघ ना! सरक, रेनियेर, उजेड अडवू नकोस. ही बघ धार — पंप आणि इंजिनाच्या मधून येतेय, म्हणजे पॅकिंग गेलं. आणि या गाडीनं बायामोहून थेट ओल्गीनच्या विमानतळावर? अरे, ही नदीच्या पुलापर्यंत गेली तरी मिळवलीस! घाई? घाई तुला आहे, मला नाही. लिस्बेत देश सोडून चाललीय, कायमची — सगळ्या गल्लीला ठाऊक, आणि बापाला कोणी सांगावं? पाववाल्यानं! तू मायरेलिसशी लग्न केलंस, केलंस — तिच्या पोरीचा बाप अजून मीच आहे, समजलं?

बस त्या टायरवर. हे सोडलं पाणी. हा निघाला एक बोल्ट — हा दुसरा. काय म्हणालास? नुसतं आवळून भागलं असतं? हो, भागलं असतं की, ओल्गीनपर्यंत तरी नक्कीच! म्हणून तर सोडला मी पंप. आता गाडी इथून हलत नाही, आणि रविवारचा दुसरा कोणी मेकॅनिक शुद्धीवर सापडायचा नाही तुला. तेव्हा नीट ऐक — लिस्बेतला इकडे पाठव. चार घरं सोडून तर राहता. येऊ दे, इथं उभी राहू दे, म्हणू दे ‘पपा, एवढं करून दे’ — की लगेच बसवतो. नाहीतर जाऊ दे विमान उडून, माझं काय जातंय? वर्षभर समोरून जाते आणि मान वळवून बघत नाही कार्टी. मला तिचं तोंड बघायचंय, बस्स.

थांब — हे पॅकिंग कसलं लावलंस रे? सगळं गाव खोक्याचा पुठ्ठा कापतं, आणि तू फोटो? चकचकीत कागदाला सिलिकॉन धरतं का, गाढवा? गळणारच! आणि हा — हा शर्ट — हे खिशावरचं टाक्याचं काम… हा माझा शर्ट आहे. तिच्या पंधराव्या वाढदिवसाचा फोटो! शेजारी ती होती, निळ्या झग्यात — निळं कुठंय? तिला तेवढं ठेवलंस आणि मला कापून पंपात घातलंस, हरामखोरा! बायको नेलीस, घर नेलंस, पोट भरलं नाही? मान कसली हलवतोस? तू नाही कापलास? मग मायरेलिसनं? तिनंही नाही? मग कात्री कोणी —

लिस्बेतनं? तिनं स्वतःच?

फोन वाजतोय तुझा. उचल, मायरेलिसचाच असेल. काय म्हणते? पोरगी निघाली? ट्रकवाल्यानं नेलं? कुठला ट्रक — तो टोमॅटोचा, आत्ता भोंगा वाजवत गेला तो? अरे, इथून गेला, या दारावरून — मी पंपात डोकं घालून… विचार तिला, जाताना लिस्बेत काही म्हणाली का. माझ्याबद्दल. विचार की!

फोन ठेवला तिनं?

बरं. उचल पंप. उचल म्हणतो ना! पुठ्ठा त्या फळीवर आहे, घे कापून, तुझं तू बसव. ते नको — ते पॅकिंग ठेव तिथंच. तुझ्या काय कामाचं? चल, निघ.