संगणकाला माहेर नसतं

सन्माननीय अध्यक्ष बापूसाहेब, व्यासपीठावरचे मान्यवर, बदली होऊन निघालेले आजचे सत्कारमूर्ती, आपले आरोग्य अधिकारी डॉक्टर इंगवले साहेब, त्यांचं कुटुंब, आणि शिरूर-दौंडहून आलेल्या बंधू-भगिनींनो,

मी पार्वतीबाई, घोडकाठच्या गावची सरपंच. "साहेबांविषयी चार शब्द गोड बोला," असं अध्यक्षांनी बजावलंय. बघते, कितपत जमतं ते.

साहेबांनी आमच्यासाठी काय नाही केलं? दोन हजार तीन साली पुण्याहून संगणक आणला. त्यात म्हणे कृत्रिम बुद्धिमत्ता होती. नवं प्रसूतिगृह कुठं बांधायचं, ते ती सांगणार होती. मी म्हणाले, "साहेब, बाळंतपणं आमच्याकडं होतात." साहेब हसले. "बाई, यंत्र भावनेवर चालत नाही." खरंय. अकलेवर तरी चालतं का, ते विचारायचं राहून गेलं.

यंत्रानं गरोदर बायका मोजल्या. त्या सापडल्या कारखान्यांच्या पट्ट्यात, नवऱ्यांच्या खोल्यांवर. झालं, प्रसूतिगृह तिकडं बांधलं. टाळ्या वाजवा की, तेव्हाही वाजवल्या होत्या! पण सातवा लागला, ओटी भरली, की पहिलटकरीण सासरी थांबते का हो? बाप जातो आणि लेकीला माहेरी घेऊन येतो, म्हणजे आमच्या नदीकाठी. तिकडच्या नव्या टेबलावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. नर्सबाई खिडकीत बसून स्वेटर विणतात. छान विणतात, खोटं कशाला बोलू?

आणि इकडं माझी थोरली स्नेहल शिरूरचा दवाखाना गाठायच्या आत, गावातल्या हौशीरामच्या जीपमध्ये बाळंत झाली. "आयं, मी मरती का गं?" असं विचारत होती. दोघं वाचली. पण माझा राग गेला नाही. मघाशी साहेबांना हार घालतानाही तो होताच.

आता धाकटी सोनम आलीय. तिचा आठवा सरलाय.

साहेबांची कन्या पहिल्या रांगेत बसलीय. मघाशी हळदीकुंकू लावताना तिला विचारलं, "कवा आलीस गं?" म्हणाली, "सातव्यातच. बाबा स्वतः न्यायला आले होते." साहेब, गाडी काढताना संगणकाला विचारलं होतं का?

उद्या सकाळी तुम्ही चार्ज देणार. आज संध्याकाळपर्यंत खुर्ची तुमचीच हाय. तेवढ्यात नर्सबाई आन् ते टेबल आमच्या गावी पाठवा. शाळेची एक खोली आम्ही सारवून ठेवलीय.

शांतपणे ऐकून घेतलंत, सभेची आभारी आहे. मी कमी-जास्त बोलले असेन तर ते पोटात घाला. तुमच्या यंत्राला माफ करायचं का, ते मात्र सोनम सुखरूप सुटली की तीच सांगेल.