ठोक्याशी जुळवलेलं चित्र

ललित : मी सोनोग्राफी केलेला पेशंट, आणि मला न विचारता त्याची सीटी अँजिओ केलीस?

मनीषा : तू जेवायला घरी गेला होतास. गेणूभाऊंच्या पायाची बोटं निळी पडत चालली होती.

ललित : परवाच बघितल्या मी त्यांच्या पायाच्या रक्तवाहिन्या. मोकळ्या होत्या.

मनीषा : होत्याच. तुझं चुकलं नाही. गुठळी पायात नाहीच, छातीत आहे. हे बघ, महाधमनीत. भिंतीला धरून लोंबतेय. तिचेच कण तुटून पायात उतरतायत.

ललित : ही सावली असेल. हृदयाच्या ठोक्यानं चित्र हलतं. शिकाऊ पोरंसुद्धा फसतात याला.

मनीषा : म्हणूनच ठोक्याशी जुळवून परत काढलं. दोन्हींत तिथंच आहे.

ललित : सर्जनना कळवलंस?

मनीषा : हो. लगेच पाठवा म्हणाले.

ललित : आणि ‘मॅडम, कमाल केलीत,’ असंही म्हणाले असतील. सेंटरवर पाटी दोघांची, सर्जन लोकांचे फोन मात्र तुलाच. बायकोच्या हाताखाली कामाला आहे की काय मी? थांबव तो रिपोर्ट. मी निवांत बघतो, मग जाऊ दे.

मनीषा : निवांत? मोठा तुकडा सुटला तर पाय जाईल रे त्यांचा!

नवसाबाई : येऊ का आत? मालकांचा पाय पार गार पडलाय. नांदगावहून निघालो तवा दुखत तरी होता, आता काय कळतच नाय म्हन्तात. काय निघालं वो फोटोत?

मनीषा : ललित, तू सांगतोस?

ललित : मावशी, छातीतल्या मोठ्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी सापडलीय. रिपोर्ट तयार आहे. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्यायचंय. अँब्युलन्स मी बोलावतो.

नवसाबाई : लय उपकार झाले, डॉक्टरसाहेब. तुमाला घावली म्हनून बरं.

(पाच दिवसांनी, त्याच खोलीत.)

मनीषा : नवसाबाईंचा फोन होता. ऑपरेशन झालं, गुठळी निघाली. पायाची करंगळी गेली, पाय राहिला. तुला नमस्कार सांगितलाय.

ललित : मला. मॅडमनी शोधली, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही त्या दिवशी. तूही गप्प राहिलीस.

मनीषा : तेव्हा घाई पेशंटची होती.

ललित : खरं सांगू? ते चित्र बघताना मनात म्हणत होतो, गुठळी नसू दे. गेणूभाऊंसाठी नाही. तू चुकावीस म्हणून.

मनीषा : माहीत आहे मला.

ललित : कधीपासून?

मनीषा : बरीच वर्षं झाली. प्रत्येक रिपोर्ट दोनदा तपासायची सवय काय उगीच लागली?