शेवटच्या कडव्यातला ड्रम

तुम्ही माणसं गायब करता आणि वर त्यांच्याच घरच्यांना रांगेत ताटकळत ठेवता. काल तुमच्या पोलीस ठाण्यातल्या चौकशीच्या खिडकीसमोर माझ्यापुढे एक म्हातारा आणि त्याची मुलगी उभी होती.

"तुझ्या दादाचं ते पंक संगीत आता मला आवडायला लागलंय गं. आधी वाटायचं, कार्टं पत्रे बडवतंय."

"ते पंक होतं, बाबा. आताचं पोस्ट-पंक. यात मधेमधे गप्पही बसतात."

"म्हणूनच आवडलं असेल! तो नाहीसा झाला त्या संध्याकाळची, त्याच्या खोलीतल्या सरावाची टेप रोज लावतो. शेवटच्या कडव्याला काय ड्रम बडवलाय! तालात नाही, पण जीव तोडून."

"शेवटच्या कडव्याला?"

"हो. हा गातोय आणि मागे नुसतं धाड धाड."

"बाबा, शेवटचं कडवं त्यांचा बँड ड्रमशिवायच करतो. दादा काठ्या खाली ठेवून एकटा गातो."

"अगं, मग खुर्ची पडते, गाणं तुटतं आणि टेप नुसती फिरत राहते. मला वाटलं, तेही गाण्यातलंच."

"बाबा..."

"चला, पुढचे! कोणाची चौकशी?"

"साहेब, गेल्या खेपेला तुम्हीच म्हणालात ना, तुमचं कोणी आमच्या पोराकडे गेलंच नव्हतं? मग दार कोण बडवत होतं?"